चुनखडीच्या गावात जास्वंद

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात बोगनवेल कुंपणावर नुसती पेटलेली असते. तिच्या शेजारच्या कुंडीतली जास्वंद मात्र पिवळी पडून, उमलायच्या आधीच कळ्या गाळत उभी असते. सगळे बोल उन्हाला लावतात. उन्हाचा त्रास आहेच, पण त्याहून मोठा आहे तो इथल्या मातीतल्या आणि पाण्यातल्या चुन्याचा. उन्हाला आडोसा करता येतो. चुन्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

कोकणातली सवय

जास्वंद उष्ण आणि दमट हवेतली. कोकणात विहिरीच्या कडेला ती कुणी न बघताही बारा महिने फुलते. आपलं शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं वर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. अशा हवेत पानातून जितकं पाणी उडतं तितकं मुळं वर चढवू शकत नाहीत. मग झाड सर्वात आधी कळी सोडतं.

तरीही ही काही नाजूक परदेशी पाहुणी नव्हे. कपाशी, भेंडी, अंबाडी ही तिची सख्खी भावंडं. ती मराठवाड्यात पिकतात, तर तीही इथे रुजते.

जागा आणि खड्डा

सकाळचं ऊन अकरापर्यंत आणि नंतर सावली, ही तिची आवडती जागा. म्हणून घराची पूर्व बाजू उत्तम. पश्चिमेच्या भिंतीजवळ लावू नये, कारण ती भिंत दिवस मावळल्यावरही तास-दोन तास आग ओकत राहते. दुसरी जागाच नसेल तर मार्च ते जून पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी.

काळ्या मातीत थेट लावली तर पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. त्यात मुरूम, लाल माती आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात भरावं आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच बसवावं. लागवड जून-जुलैत, पाऊस नीट बसल्यावर करावी. पहिल्या वळवाच्या सरीवर घाई करू नये. देशी लाल एकेरी जास्वंद पेन्सिलीएवढ्या जाड फांदीपासूनही लागते. मोठ्या फुलांच्या कलमी जाती दिसायला देखण्या असतात, पण पहिलं झाड देशीच असावं असं माझं ठाम मत आहे.

पिवळं पान नीट बघा

जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. शेणखत किंवा पेंड घातली की सुधारतात. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही.

म्हणून मातीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकून फारसा उपयोग होत नाही. चुना त्यालाही बांधून टाकतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून उन्हं कलल्यावर पानांवर फवारावं, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. मातीतून द्यायचं असेल तर कृषी सेवा केंद्रात ‘ईडीडीएचए’ प्रकारचं चिलेटेड लोह मागावं. चुनखडीच्या मातीतही तेच टिकतं. स्वस्तातलं ‘ईडीटीए’ अशा मातीत तग धरत नाही.

कोणतं पाणी

बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर जो पांढरा थर चढतो, तोच थर आत मुळांभोवतीही साठतो. नळाला रोज पाणी नसलेल्या या शहरात बोअर टाळा असं सांगणं अन्यायाचं होईल. पण पावसाचं पाणी साठवता येतं. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला सुमारे ७० हजार लिटर पाणी पडतं. त्यातली दोन-तीन पिंपं, डास शिरणार नाहीत अशी घट्ट झाकून ठेवली, तर पंधरवड्यातून एकदा कुंडी खालून पाणी वाहीपर्यंत धुता येते. साठलेले क्षार त्यात निघून जातात. लांबून पाणी आणायची कला तर या शहराच्या हाडात आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगराकडून जमिनीखालून नहर आणली, आणि पाणचक्कीही तशाच नहरीच्या पाण्यावर फिरत आली.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. ते जास्वंदीला जरूर द्यावं. कूलरच्या टाकीत उरलेलं आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र देऊ नये, कारण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

उन्हाळ्यात कुंडीला रोज सकाळी आणि जमिनीतल्या झाडाला तीन-चार दिवसांनी भरपूर पाणी द्यावं. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नये. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर मुळाशी ओल पुरेशी आहे असं समजावं. बुंध्यापासून चार बोटं जागा सोडून सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट तीन-चार इंच पसरावं, म्हणजे मुळं थंड राहतात.

कपाशीची कीड, जास्वंदीच्या अंगावर

कपाशीला छळणारा पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही येतो. तो कापसासारखा पांढरा, शेंड्यात आणि कळ्यांच्या देठाशी बसतो. म्हणून आच्छादनाला पऱ्हाटीचे तुकडे वापरू नयेत. आधी मुंग्या बघाव्यात: चिकट गोड स्रावासाठी त्या ढेकणांना राखतात आणि नव्या फांद्यांवर नेऊनही सोडतात. मुंग्यांचा रस्ता तोडावा, किडका शेंडा कापून जाळावा, उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि मग पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. जहाल औषधाची घाई नको. त्याने ढेकणांना खाणारे ढालकिडेही मरतात.

गणपतीसाठी छाटणी

जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणी हवीच. पण मार्च ते मे कात्री लावू नये. तेव्हा पानांची सावलीच फांद्यांना वाचवते. जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला, पाऊस लागल्यावर, एक तृतीयांश छाटणी करावी. त्यानंतर साधारण सात-आठ आठवड्यांनी कळ्या धरतात. गणेश चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीस असेल तर जूनमध्येच, सप्टेंबरच्या मध्यावर असेल तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कात्री चालवावी. छाटल्यावर पालाशयुक्त खत द्यावं. स्फुरद मात्र बेताने, कारण ते जास्त झालं की लोह पुन्हा अडतं.