क्रमवारी, अंतर्गत मूल्यानुसार

एखाद्या यादीतील प्रत्येक घटक हा स्वतःच एक लहान यादी असेल, तर त्या पोटयादीतील एखादे विवक्षित मूल्य प्रमाण मानून मोठ्या यादीचा क्रम ठरविण्याची क्रिया. अशा यादीस संगणकाच्या परिभाषेत बहुमितीय ॲरे म्हणतात. रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसृत केलेल्या पीएचपी या स्क्रिप्टिंग भाषेत या क्रियेची गरज वारंवार पडते. कारण माहितीसंचातून मिळणारी उत्तरे बहुधा याच स्वरूपात हाती येतात.

उदा., परीक्षेचा निकाल. बाहेरील यादीत आसनक्रमांक हा निर्देशक असून त्यापुढे नाव व गुण यांची पोटयादी असते. दोन पोटयाद्या कोणत्या मूल्यावरून तोलावयाच्या हे यूसॉर्ट या फलनास एका तुलना-फलनाद्वारे सांगावे लागते. यूसॉर्ट त्याच्याकडे एका वेळी दोन पोटयाद्या सोपविते. पहिली आधी यावयाची असल्यास ऋण, नंतर यावयाची असल्यास धन व दोन्ही समान असल्यास शून्य असे उत्तर अपेक्षित असते. मात्र यूसॉर्ट निर्देशक टाकून देऊन शून्यापासून नवे क्रमांक घालते. आसनक्रमांक टिकवावयाचे असल्यास यूएसॉर्ट हेच फलन वापरणे इष्ट होय.

उतरत्या क्रमासाठी दुसऱ्याच्या गुणांतून पहिल्याचे गुण वजा करून बाकी तशीच परत करण्याचा प्रघात सोपा दिसतो, परंतु तो घातक आहे. परत आलेल्या उत्तराचा अपूर्णांक भाग गाळून त्याचा पूर्णांक केला जातो. त्यामुळे ८१.७५ व ८१.२५ यांतील ०.५ हा फरक शून्य होतो आणि दोन्ही विद्यार्थी समान ठरतात. गुणवत्ता यादी चुकते, पण दोषाची सूचना कोठेही मिळत नाही. २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० मधील <=> हे चिन्ह उणे एक, शून्य किंवा एक एवढेच उत्तर देत असल्याने हा धोका टळतो. गुण समान असल्यास नावांची तुलना करावी, असा दुसरा निकषही त्याच फलनात जोडता येतो.

समान घटकांचा मूळ क्रम टिकविणाऱ्या क्रमवारीस स्थिर क्रमवारी म्हणतात. २०२० मधील पीएचपी ८.० पासून ती निश्चित झाली. पीएचपी ७ मध्ये सुमारे सोळा घटकांपर्यंतच्या यादीस निवेशन पद्धत व त्यापुढे शीघ्र पद्धत लावली जाई. साहजिकच पाच-दहा नावांवर केलेली चाचणी बिनचूक ठरे आणि शेकडो नावांच्या प्रत्यक्ष यादीत समान गुणांच्या विद्यार्थ्यांचा क्रम विस्कटे.

नावे मराठी असल्यास आणखी एक अडचण उद्‌भवते. साधी तुलना युनिकोडमधील क्रमांकांनुसार होते. तीत ळ हा ल नंतर लगेच येतो. क्ष व ज्ञ ही जोडाक्षरे असल्याने अनुक्रमे क व ज यांच्या पोटात जातात. मराठी वर्णमालेत मात्र ही तिन्ही अक्षरे ह नंतर येतात. म्हणून अशा नावांसाठी तुलना-फलनात भाषेचा वर्णक्रम जाणणारी कोलेटर ही सुविधा वापरावी लागते.