हिऱ्याची नोंद सेंटपर्यंत, कारागिराची मात्र कुठेच नाही

कतारगामच्या हिरे कारखान्यात खडा या हातातून त्या हातात जातो तो कागदी पुडीतून. पुडीवर वजन लिहिलेलं असतं, कॅरेटमध्ये आणि कॅरेटच्या शंभराव्या भागात, म्हणजे सेंटमध्ये. खडा कुणाकडे गेला, घासून आला तेव्हा किती भरला, सगळं टिपलेलं. पण घासणारा माणूस इतकी वर्षं कोणत्या यंत्रावर बसला, कसली धूळ त्याच्या छातीत गेली, हे विचारा. बऱ्याच लहान युनिटमध्ये कागदाचा कपटाही निघत नाही.

जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात घासले जातात आणि त्यातले बहुतेक सुरतेत. कतारगाम आणि वराछा हे त्याचे दोन मोठे अड्डे. हिऱ्यातले जास्त हात सौराष्ट्रातले आहेत, आपली खानदेशी माणसं मुख्यतः माग आणि मिलमध्ये. तरी हिऱ्याच्या कामातही आपले लोक आहेत. छाती भरून आली, काम जमेना, की ते ताप्ती लाईनची गाडी धरून गावी येतात. मग नंदुरबार-धुळ्याच्या डॉक्टरसमोर बसलेला पेशंट ‘सुरतला कंपनीत होतो’ एवढंच सांगतो. कंपनी कसली, हे बऱ्याचदा विचारलंही जात नाही.

ते का विचारायला हवं, हे समजायला घंटी बघावी लागते. घंटी म्हणजे जोरात फिरणारी आडवी चकती, तिच्याभोवती साधारण चार कारागीर बसतात. जुन्या पद्धतीत चकती बिडाची, तिच्यावर तेल आणि हिऱ्याची भुकटी लावायची. नंतर जगभर दुसरी जात आली, बारीक हिरे धातूच्या भुकटीत घट्ट बसवलेली. त्या धातूत कोबाल्ट असेल तर चकती झिजताना तो हवेत उडतो. 1980 च्या दशकात बेल्जियममधल्या डॉक्टरांना हिरे घासणाऱ्यांच्या फुप्फुसात एक वेगळाच आजार सापडला. फुप्फुसाची जाळी सुजते, पुढे घट्ट होत जाते. कारण हिरा नव्हता, चकतीतला कोबाल्ट होता. लवकर ओळखून माणूस त्या धुळीतून बाहेर काढला तर सुधारणा होऊ शकते. उशीर झाला तर गेलेलं फुप्फुस परत येत नाही.

म्हणून कारखाना चालवणाऱ्याचा पहिला प्रश्न मास्कचा नाही, चकतीचा आहे. तिच्यात काय आहे ते नुसतं बघून कळत नाही, पुरवठादाराकडून लेखी घ्यावं लागतं. कोबाल्ट असेल तर धूळ उडते तिथेच ओढून घेणारा पंखा हवा. छताचा पंखा ती फक्त चौघांत वाटून देतो. टेबल झटकायला हवेचा फवारा मारणं तर बंदच करावं, ओल्या फडक्याने पुसावं. मास्क सर्वांत शेवटी, आणि तोही चांगल्या गाळणीचा. तोंडाला बांधलेला रुमाल या बारीक धुळीपुढे काही कामाचा नाही.

दुसरी जागा उकळण्याची. लेसरने कापलेल्या हिऱ्यावर काळा कार्बन बसतो, तो काढायला खडे तीव्र आम्लात उकळतात. सल्फ्युरिक, नायट्रिक आणि काही कामांत हायड्रोफ्लोरिक. यातलं शेवटचं सर्वांत फसवं. पातळ असेल तर हातावर पडल्यावर लगेच जळजळही होत नाही, काही तासांनी आतून ठणका सुरू होतो, आणि जास्त प्रमाणात शरीरात गेलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरून हृदय थांबू शकतं. त्यावरचा प्रथमोपचार म्हणजे लगेच भरपूर पाण्याने धुणं आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळणं. ही ट्यूब त्या खोलीतच पाहिजे, मॅनेजरच्या कपाटात कुलपात नव्हे. उकळण्याचं काम धूर बाहेर खेचणाऱ्या बंद कपाटात व्हावं. माडीच्या टोकाला खिडकी उघडी ठेवली म्हणजे झालं, असं नाही.

लेसरचं थोडक्यात. काही यंत्रांचा किरण डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे झाकण उघडलं की यंत्र आपोआप बंद पडलं पाहिजे. वेळ वाचवायला ती कळ बांधून ठेवणं हा डोळ्यांशी जुगार आहे.

हे सगळं माहीत असूनही होत का नाही? मालकाचा खर्च हे एक कारण, पण माझ्या मते मोठं कारण नगावरची मजुरी. जितके खडे तितके पैसे. मग डोळ्याला विसावा द्यायला उठणं, मान मोकळी करणं, मास्क नीट बसवणं, सगळं कारागिराच्याच खिशातून जातं. त्यात मंदीने काम कमी झालेलं. अशा वेळी ‘पंखा बसवा’ कोण म्हणणार? विश्रांतीच्या मिनिटांचा मोबदला मजुरीत धरल्याशिवाय भिंतीवरच्या पाट्या पाट्याच राहतात.

चोरीच्या भीतीने ये-जा एकाच दारातून ठेवायची सवयही या धंद्यात आहे. 24 मे 2019 ला सुरतच्याच सरथाणा भागात तक्षशिला इमारतीच्या आगीत 22 जणांचा जीव गेला. तो कारखाना नव्हता, शिकवणीचा वर्ग होता, पण वरच्या मजल्यावर अडकलं की काय होतं ते शहराने पाहिलं. तपासणी दारात करा, दुसरा जिना मात्र मोकळा हवा. पाण्याचंही तसंच. एप्रिल 2025 मध्ये कापोद्र्यातल्या एका हिरे कारखान्यात कुलरच्या पाण्यात कीटकनाशक आढळलं आणि शंभरहून अधिक कामगारांना दवाखान्यात न्यावं लागलं. कोट्यवधींच्या मालावर कॅमेरा असतो, तसा पाण्याच्या टाकीवर का नको?

आता कागदाचं. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. 10 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू आहे. कामगाराला नियुक्तीपत्र देणं आणि ठरलेल्या वयाच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. नियुक्तीपत्र लोकांना पगाराचा कागद वाटतो. इथे तो आजाराचाही पुरावा आहे. कठीण धातूंमुळे होणारे फुप्फुसाचे आजार भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य म्हणून धरलेले आहेत, पण काम दाखवता आलं तरच. ईएसआयचं तसंच. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर तिथे नाव आहे का ते तपासा. विमा क्रमांक राज्य बदललं तरी तोच राहतो.

नियुक्तीपत्र मिळत नसेल तर निदान पगाराची पावती, गेटपासचा फोटो, कुठल्या वर्षी कोणत्या विभागात होतो याची वहीत ओळ, एवढं घरी ठेवा.

आणि दिवाळीत हिऱ्याचे कारखाने बंद असतात तेव्हा घरच्यांनी एक गोष्ट पाहावी. पोरगा गावी आल्यावर खोकला कमी होतो आणि सुरतला परतल्यावर पुन्हा सुरू होतो का? होत असेल तर डॉक्टरला ते आधी सांगा. एक्स-रेवरचा डाग क्षयाचाच धरला जाऊ शकतो. थुंकी तपासून क्षय सापडत नसेल, गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर ‘घंटीवर बसत होतो, आम्लाच्या खोलीत होतो’ हे स्पष्ट शब्दांत सांगून छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवायला सांगा.