अहमदनगरचे ह्यूम घराणे

अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे बोस्टनच्या प्रोटेस्टंट मंडळाने १८१३ साली मुंबईत सुरू केलेल्या धर्मप्रसारकार्याच्या, इतिहासात ह्यूम घराण्याइतके मनात घर करणारे दुसरे कुटुंब क्वचितच सापडेल. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईत झाला. वडीलही मिशनरीच होते, मात्र १८५४ मध्ये मायदेशी परतताना जहाजावरच त्यांचे निधन झाले आणि आईने मुलांना अमेरिकेत वाढवले. वडिलांचा असा शेवट झालेला असूनही हा मुलगा १८७४ मध्ये भारतात परतला, अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) स्थायिक झाला, तेथे त्याने मराठी ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवणारे सेमिनरी, अर्थात धर्मशिक्षणाचे विद्यालय, उभारले आणि सुमारे अर्धे शतक तेथेच घालवले, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

दुष्काळातील मदतकार्याबद्दल त्यांना ब्रिटिश सरकारचे कैसर-ए-हिंद पदक मिळाले. अशा कुटुंबांत सेवा हा एकट्या पुरुषाचा व्यवसाय नसे. पत्नी मुलींच्या शाळा पाहत, मुले शिक्षणासाठी दूर अमेरिकेत राहत, आणि त्यांतील काही पुन्हा इकडेच येत. ह्यूम यांची कन्या रूथ डॉक्टर होऊन अहमदनगरला परतली, ती स्त्रियांवर उपचार करण्यासाठी.