चार्जर मोजले, सावली कोण मोजणार?

रविवारी दुपारी साडेबाराला औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन बाहेर आलो, तेव्हा दाजींची नवी इलेक्ट्रिक गाडी उघड्या मैदानात तापत उभी होती. दाजी हिंगोलीच्या कडेला मळ्यात राहतात. औंढा तिथून पंचवीसेक किलोमीटर, तरी निघताना त्यांनी गाडी शंभर टक्के चार्ज करून घेतली होती. परतताना त्यांनी स्टिअरिंगवर ओला रुमाल टाकला, मग हात लावला. डॅशबोर्डवर विसरलेला मोबाइल उचलला, तर त्याच्या पडद्यावर तापल्याची सूचना. गार होईपर्यंत तो काही चालेना. दाजी एसी लावून बसले आणि म्हणाले, "मोबाइलची ही गत, तर खालच्या बॅटरीचं काय होत असेल?"

हा प्रश्न आता एकट्या दाजींचा राहिलेला नाही. राज्य मंत्रिमंडळानं २९ एप्रिल २०२५ रोजी नव्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाला मंजुरी दिली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर या गाड्यांना टोलमाफीची तरतूद झाली. तेव्हापासून किती टक्के सवलत आणि कुठे किती चार्जर यावर भरपूर छापून आलंय, ते पुन्हा सांगत नाही. हिंगोलीच्या रस्त्यांवरही हिरव्या नंबरप्लेटा दिसू लागल्या आहेत आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांना टेकतो. त्या उन्हात बॅटरीचं नक्की काय होतं, याची चर्चा मात्र शोरूमच्या काचेआत फारशी होत नाही.

लोकांना भीती असते ती दोन गोष्टींची. उन्हाळ्यात गाडी कमी पळेल आणि उन्हानं पेट घेईल. कमी पळण्याची भीती मी फार मनावर घेत नाही. एसी तासाला साधारण एक-दीड युनिट वीज खातो. ४० युनिटांच्या बॅटरीत ते सोसण्यासारखं आहे, नांदेडची नव्वदेक किलोमीटरची खेप त्यानं अडत नाही. पेट घेण्याबद्दल पुढे बोलू. खरं नुकसान तिसरंच आहे. ते दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही, आणि कळतं तेव्हा दोन-तीन वर्षं उलटून गेलेली असतात.

सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला वेळ लागू नये. घरचं बियाणं उन्हाळाभर ठेवायचं, तर आपण पोत्यांची उंच थप्पी लावत नाही, पत्र्याला टेकवून ठेवत नाही, खाली लाकडी फळ्या टाकतो. दाणा वरून तसाच पिवळाधमक दिसतो, पण उष्णता आणि दमट हवा मिळाली की आतली उगवणशक्ती मरत जाते. म्हणून मृगाच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. सत्तर आले तर बियाणं पेरायचं. लिथियम बॅटरीची गोष्ट याच्या अगदी जवळची आहे. तिच्या आत ऋण टोकाच्या ग्राफाइटवर एक पातळ पापुद्रा असतो. तो संरक्षण करतो, पण उष्णतेत जाड होत जातो आणि जाड होताना कामाचं लिथियम स्वतःत अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम पुन्हा हाती लागत नाही. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. बॅटरीला मानवतं ते १५ ते ३५ अंशांमधलं हवामान. त्यात बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर आतला विद्युत दाब जास्त, म्हणून झीजही जास्त. म्हणजे ऊन आणि शंभर टक्के चार्ज या दोन गोष्टी एकत्र आल्या की नुकसान वाढतं. दाजींनी त्या दिवशी नेमकं तेच केलं होतं.

हिंगोलीचं जुळं गाव या बाबतीत अमेरिकेत आहे. ॲरिझोना राज्यातलं फीनिक्स. तिथलाही उन्हाळा ४३-४४ अंशांचा. २०१२ साली तिथल्या निसान लीफ गाड्यांच्या मालकांच्या लक्षात आलं, की डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांतली एक पट्टी विझली आहे. गाडी घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती. काहींच्या दोन विझल्या, तीन विझल्या. थंड राज्यांतल्या मालकांना असा अनुभव नव्हता. आधी कुणी फारसं मानायला तयार नव्हतं, तेव्हा या मालकांनीच एका रात्री आपापल्या गाड्या जमवल्या, एकाच रस्त्यावर सारख्या वेगानं पळवल्या आणि कोणती किती अंतर गेली ते लिहून काढलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. साध्या गिऱ्हाइकांनी वही-पेन घेऊन केलेला हा प्रयोग होता. पुढच्याच वर्षी कंपनीनं पाच वर्षं किंवा साठ हजार मैलांपर्यंत बॅटरीच्या क्षमतेची हमी दिली आणि नंतर उष्णता जास्त सोसणारी बॅटरी आणली. लीफमध्ये बॅटरी गार करायला पाणी नव्हतं, पंखाही नव्हता. बंद डब्यातली उष्णता आपसूक जाईल तेवढीच.

तो धडा गाडी बनवणाऱ्यांनी घेतला. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच इलेक्ट्रिक कारमध्ये बॅटरीभोवती कूलंट फिरतं आणि गरज पडली तर तेच एसीच्या यंत्रणेतून गार केलं जातं. उन्हात जलद चार्जिंगला लावलेली गाडी बंद असूनही घोंघावते, ती त्यामुळे. पुष्कळ जण घाबरून प्लग काढतात. काढू नये, ती स्वतःला गार करत असते. दुसरा बदल रसायनाचा. बऱ्याच भारतीय गाड्यांत आता लोह-फॉस्फेटची बॅटरी येते. निकेल-कोबाल्टच्या तुलनेत ती उष्णता अधिक सोसते आणि सहज भडकत नाही, कारण तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फरसनं घट्ट धरून ठेवलेला असतो. या पदार्थाचा पाया घालणारा शोधनिबंध १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधून आला. त्यावर पुढे नोबेल मिळालेल्या जॉन गुडइनफ यांच्या आधी दोन नावं आहेत, पाधी आणि नंजुंडस्वामी. आपल्या उन्हाला पुरणाऱ्या बॅटरीच्या मुळाशी आपल्याकडची दोन नावं आहेत, हे शाळेतल्या पोरांना सांगायला हवं.

पण कूलंट असलं म्हणजे काळजी मिटली, असं नाही. गाडी बंद करून आपण निघून गेलो की बहुतेक गाड्यांत ते फिरायचं थांबतं. २०१८ साली त्याच ॲरिझोनातल्या विद्यापीठानं उन्हात आणि सावलीत गाड्या उभ्या करून मोजमाप केलं. तासाभरात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला, सावलीतल्याचा ४८ वर. बॅटरी इतक्या लवकर तापत नाही. ती काही क्विंटलांची असते, जमिनीलगत असते, त्यामुळे हळूहळू तापते आणि तितक्याच हळू निवते. म्हणून दाजींना मी सांगितलं, की औंढ्याच्या एका दुपारीनं काही बिघडलं नाही. बिघडतं ते रोज दहा ते पाच कचेरीच्या उघड्या आवारात, तापल्या डांबरावर, भरलेली गाडी उभी करून. अशा तीन-चार उन्हाळ्यांनी बिघडतं.

मग करायचं काय? उन्हाळ्यात रोजच्या गावातल्या वापराला सत्तर-ऐंशी टक्के पुरे. शंभर करायची तर लांबच्या प्रवासाच्या आधी, निघायच्या वेळी संपेल अशी. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीला मात्र मधूनमधून पूर्ण चार्ज लागतो, नाहीतर गाडीला स्वतःची उरलेली वीज नीट मोजता येत नाही. पुस्तिकेत किती दिवसांनी ते लिहिलेलं असतं. पूर्ण केली की लगेच बाहेर काढावी, भरून उन्हात ठेवू नये. लांबून आल्या आल्या चार्जरला जोडू नये. उन्हातून आलेल्या बैलाचं औत सोडलं की आपण त्याला आधी झाडाखाली निवू देतो, मग पाण्यावर नेतो, तसंच. समोरच्या जाळीत धूळ आणि भुसा अडकतो, खळ्याच्या दिवसांत तर थरच बसतो. ती जाळी साफ ठेवली नाही तर कूलंट गार होणार कसं? आणि गाडीत एक छोटी बारा व्होल्टची बॅटरीही असते. मोठी भरलेली असताना ही उन्हानं मेली, तर गाडी सुरूच होत नाही.

घरच्या चार्जिंगची आपल्याकडची अडचण वेगळीच. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि चार्जर लाल दिवा दाखवून बसतो. दाजींनी दोनदा मेकॅनिक बोलावला. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतल्यावर चार्जर चालू झाला.

विजेच्या वेळेचा एक पेच मला विशेष सांगायचा आहे. आतापर्यंत सल्ला एकच होता, रात्री चार्ज करा, हवा गार असते. पण जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वीज मोजणारं मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत मिळते, कारण तेव्हा सौर वीज मुबलक असते. स्वस्त वीज दुपारी आणि बॅटरीला नको तेही दुपारीच! माझ्या मते मधली वाट आहे. सकाळी नऊला, रात्रभर निवलेल्या बॅटरीवर, सावलीत चार्जिंग सुरू करायचं आणि अकराच्या आत संपवायचं. रोजच्या चाळीस-पन्नास किलोमीटरांसाठी तेवढे दोन तास पुरतात.

सावलीत, हा शब्द मी उगाच वापरला नाही. माझी खरी तक्रार तिथेच आहे. धोरणानं राष्ट्रीय महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय ठरवली. त्यावर छप्पर असावं असं कुणी ठरवलं? भर उन्हात जलद चार्जिंग म्हणजे बॅटरीवर बाहेरून ऊन आणि आतून उष्णता. गाडी मग स्वतःच वेग कमी करते आणि पाऊण तासाचं काम सव्वा तासावर जातं. २०१७ च्या मे महिन्यात नागपुरात टॅक्सींसह दोनशे इलेक्ट्रिक वाहनांचा मोठा प्रकल्प सुरू झाला होता. वर्षभरातच चालक चार्जिंगच्या रांगांना कंटाळून डिझेलकडे परतायची भाषा करू लागले. विदर्भ-मराठवाड्यात या गाड्यांचं भवितव्य चार्जरच्या संख्येइतकंच चार्जरवरच्या पत्र्यावर ठरेल, असं मला ठामपणे वाटतं. अकोल्याहून वाशीम-हिंगोलीमार्गे नांदेडला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचे जुने लिंब, चिंचा रुंदीकरणात गेले. निदान जिल्हाधिकारी कार्यालय, बाजार समित्या, बसस्थानकं आणि औंढ्या-नरसीसारख्या देवस्थानांच्या वाहनतळांवर शेड उभारावी, तिच्यावर सौर पॅनेल टाकावेत. सावलीही मिळेल आणि वीजही.

आता आगीचं. उभी कार उन्हानं पेटत नाही, बाहेरचे ४४ अंश त्याला पुरत नाहीत. धोका आहे तो खराब पेशी, फुटकं आवरण आणि भलत्या चार्जरचा, आणि तो स्कूटरमध्ये जास्त. वसईत सप्टेंबर २०२२ मध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. त्याच वर्षीच्या आगींनंतर केंद्रानं बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्यानं लागू झाले. त्याआधीची स्कूटर घरात असेल, तर बॅटरी झोपायच्या खोलीत चार्जिंगला लावू नका, उन्हातून आल्यावर तासभर तिला हात लावू नका आणि बाजारातला स्वस्त चार्जर तर मुळीच वापरू नका. हे मी हात जोडून सांगतो.

गेल्या आठवड्यात दाजींकडे गेलो, तर गाडी अंगणात नव्हती. बैलजोडी विकल्यापासून गोठा रिकामाच होता. त्यांनी गव्हाण काढून टाकली, पत्र्यावर तुराट्यांचा हातभर थर अंथरला, वर पाचट टाकलं. आत गाडी उभी होती, चार्जरची वायर दावणीच्या खुंट्याला गुंडाळून वर घेतलेली. घड्याळात पावणेअकरा झाले होते. दाजींनी मोबाइल पाहिला, अठ्ठ्याहत्तर टक्के, आणि प्लग काढला.