गाय वारंवार उलटत असल्यास : वंध्यत्व तपासणीची माहिती

मराठवाड्यात देवणी किंवा लाल कंधारी गाय दोन-तीन वेळा उलटली, की तिला वांझ ठरवून बाजार दाखविण्याची घाई होते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पशुपालकांनी तत्पूर्वी तिची तपासणी अवश्य करून घ्यावी. पुष्कळदा दोष बरा होण्याजोगा असतो.

गाय केव्हा व्याली, जार अडकला होता काय, माजाच्या व रेतनाच्या तारखा कोणत्या, हे लिहून न्यावे. या टिपणावाचून डॉक्टरांचे निम्मे काम अडते. गाईस खोड्यात उभी करून डॉक्टर हातमोजा घालतात व गुदद्वारातून हात नेऊन गर्भाशय आणि बीजांडे चाचपतात. प्रथम ती गाभण नाही ना, याची खात्री केली जाते. जनावर थोडे अस्वस्थ होते. काही मिनिटांत काम उरकते.

बळस काचेसारखा स्वच्छ असावा. तो गढूळ किंवा पूमिश्रित असल्यास गर्भाशयात दाह समजावा. गाय गाभडली असल्यास सांसर्गिक गर्भपातासाठी रक्त तपासतात. हा रोग माणसासही होतो. म्हणून पडलेला गर्भ व जार उघड्या हाताने उचलू नये.

कित्येकदा गाईत दोष नसतोच, रेतनाची वेळ चुकते. माज सुमारे 21 दिवसांनी येतो व 12 ते 18 तास टिकतो. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी, सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करावे. एकाच वळूकडून गावातील अनेक गाई उलटत असतील, तर वळूचीच तपासणी करवावी. रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांनी गाभण तपासणीसाठी गाय पुन्हा दाखवावी.