तहानलेलं तेल

ये, बस अशी इथे. बाबाची गाडी तळघरातून हलत का नाही, असं विचारलंस ना? इंजिन तर लगेच सुरू झालं. पण क्लच दाबून गिअर टाकायला गेलं की कर्र वाजतं, आणि पेडल पाय ठेवताच फरशीला जाऊन बसतं.

बंगळुरूत आपल्या के. आर. पुरमहून व्हाइटफील्डला मेट्रो सुरू झाली २०२३च्या मार्चमध्ये. ऑक्टोबरात बैयप्पनहळ्ळीकडचा राहिलेला तुकडाही जोडला गेला. मग हँगिंग ब्रिजच्या कोंडीत रोज अडकायचं कशाला, म्हणून बाबा मेट्रोनं जायला लागला. त्याचं बरोबरच आहे. पण गाडी पावसाळ्यांमागून पावसाळे उभीच राहिली. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते म्हणतात, ते का, ते सांगतो.

मारुती ८००सारख्या लहान गाड्यांत पेडलापासून क्लचपर्यंत एक तार असते. आपल्या गाडीत तारेऐवजी ब्रेक ऑइल आहे. पेडलाजवळ मास्टर सिलिंडर, खाली गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर आणि दोघांमध्ये बारीक नळी. इथे दट्ट्या दाबला की तिथला दट्ट्या सरकतो, कारण द्रव दाबून लहान होत नाही, जवळजवळ मुळीच नाही. फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं हे ओळखलं होतं: बंदिस्त द्रवाच्या एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. एकोणचाळिसाव्या वर्षी, १६६२ साली तो गेला आणि पुढच्या वर्षी त्याचा द्रवांवरचा ग्रंथ छापला गेला. समजा मास्टरचा दट्ट्या १६ मिलिमीटर रुंद आणि स्लेव्हचा २०. तर पायाचा जोर तिथे दीडपटीहून थोडा जास्त होऊन पोचतो, आणि तेवढ्याच पटीनं अंतर मात्र कमी होतं. फुकट काही मिळत नाही, पण वाटेत हरवतही फारसं काही नाही. मला याचं आजही नवल वाटतं.

ही युक्ती माणसाच्या कितीतरी आधी कोळ्यानं वापरली. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी मुडपलेले असतात, पाहिलंयस? त्याच्या पायांच्या दोन मुख्य सांध्यांत पाय दुमडायला स्नायू आहेत, पसरायला नाहीत. पसरायचे ते अंगातल्या द्रवाच्या दाबानं. उड्या मारणारे कोळी झेपावतात तेसुद्धा याच दाबाच्या जोरावर. जीव गेला की दाब जातो आणि आठही पाय मिटतात. आपल्या गाडीचंही तेच झालंय. अंगातला दाब गेलाय.

आता हिशेब कर. १६ मिलिमीटरचा दट्ट्या तीन सेंटिमीटर सरकला, तर किती द्रव ढकलला जातो? सहा मिलिलिटर. चमचाभर! एवढ्याशा द्रवावर क्लच सुटतो. त्यात हवेचा बुडबुडा शिरला तर पाय आधी बुडबुडाच चेपतो आणि पलीकडचा दट्ट्या जेमतेम हलतो. भराभर चार-पाचदा पेडल मारलं आणि क्षणभर जोर आला, तर समजायचं, हवा धरलीय.

बंद नळीत हवा आली कुठून? इथेच त्या ब्रेक ऑइलचा स्वभाव पाहा. नावाला ऑइल, पण आहे ग्लायकॉल जातीचं रसायन, आणि त्याला पाण्याची भारी तहान. तेलाच्या टाकीच्या झाकणातून, रबरी नळीतून ते हवेतली ओल हळूहळू पीत राहतं. हा दोष नव्हे, मुद्दाम ठेवलेला गुण आहे. न पिणारं सिलिकॉनचं तेलही मिळतं. त्यात पाणी विरघळत नाही, थेंब होऊन सगळ्यात खालच्या जागी साचतं आणि तिथलाच धातू खातं. आपलं तेल पाणी स्वतःत पसरवून टाकतं, म्हणून बराच काळ निभावतं. पण कधी बदललंच नाही, तर त्यातले गंजरोधक संपतात आणि सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडायला लागतात.

गाडी चालती असली की दट्ट्यावरचा रबराचा वॉशर ती भिंत सारखी पुसत असतो. उभ्या गाडीत तो महिनोन्‌महिने एकाच जागी टेकून राहतो आणि ताठरतो. मग एके दिवशी पेडल दाबलं की त्याची कड खरबरीत भिंतीवरून फरफटते आणि फाटते. तिथूनच तेल बाहेर जातं आणि हवा आत येते. ही कड फार हुशारीची चीज आहे हं. जोसेफ ब्रामानं १७९५ साली दाबयंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा गळती थांबवणं हीच त्याची डोकेदुखी होती. तोड निघाली ती वाटीसारख्या चामड्याच्या पट्ट्याची: दाब जितका वाढेल तितकी कड भिंतीला घट्ट चिकटणार. श्रेय त्याच्याकडच्या हेन्री मॉड्स्ली या कारागिराला देतात. आपल्या रबरी वॉशरचं तत्त्व तेच.

सकाळी मेकॅनिककाकांनी काय काय पाहिलं? आधी टाकी. पातळी खाली, रंग काळपट. क्लच झिजला म्हणून ही पातळी उतरत नाही, म्हणजे गळतीच. मग पेडलामागे बोट फिरवलं. तिथे ओलं असतं तर मास्टर गेला. कोरडं होतं. गळती कुठेच नसती आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली गेलं असतं, तर मास्टरच्या आतला वॉशर दाब सोडतोय असं ठरलं असतं. शेवटी गाडीखाली जाऊन त्यांनी स्लेव्हची रबरी टोपी उचलली, आणि तेल टपटप गळलं. सापडला!

आता नवा स्लेव्ह बसेल, जुनं तेल सगळं काढून नवं भरलं जाईल. हवा काढताना बाबा पेडल दाबून धरेल, काका खालचं निपल उघडतील, आणि तू पारदर्शक नळीकडे बघायचंस: बुडबुडे संपेपर्यंत. इंजिन ऑइल मात्र कुणालाही त्या टाकीत ओतू देऊ नकोस, त्यानं रबर फुगून सगळेच वॉशर जातात. एवढं करून स्लेव्हची दांडी नीट सरकली आणि तरीही गिअर कर्र वाजला, तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलीय असं समजायचं. मग गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

आणि ब्रेक! तिथेही हेच तेल तितकेच दिवस बसलंय. कोरडं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्के पाणी प्यायलं की ती हद्द १४० वर येते. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच चेपते. म्हणून मी काकांना सांगितलंय, क्लचबरोबर चारही चाकांचं तेल बदला, मगच गाडी वर रस्त्यावर काढा.