ड्रायपॉइंट : रेघ आणि तिची कड

ड्रायपॉइंट या मुद्राचित्रपद्धतीच्या नावातील ‘ड्राय’ म्हणजे कोरडे, हा शब्द ऐकून तीत शाई लागत नसावी असा तर्क पुष्कळजण करतात. वस्तुतः शाई येथे भरपूर लागते, छपाईचा कागददेखील आधी भिजवून घ्यावा लागतो. कोरडेपणा तो एवढाच की, एचिंगमध्ये रेघ खोदण्याचे जे काम आम्लाच्या हवाली केलेले असते, ते येथे टोकदार सुई धरलेल्या मनगटाला थेट ताम्रपटावर करावे लागते.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. रेघ जितकी खोल तितकी ती काळी उमटेल, असे नवशिका गृहीत धरतो आणि सगळी ताकद लावून पत्रा ओरबाडतो. परंतु ब्यूरिन या खोदणीच्या छिन्नीने खोदकाम करताना धातूचा तुकडा जसा सुटून बाहेर पडतो, तसा तो सुईने पडत नाही. नांगराच्या तासाकडेला माती उलथून राहावी तसा तो रेघेच्या काठावर उचलला जाऊन तेथेच राहतो. पत्रा खिडकीच्या तिरप्या उजेडात धरला तर ही कड चकाकताना दिसते, आणि बोट हलकेच फिरविले तर बोचते. शाई मुख्यत्वे हिच्याच आडोशाला थांबते, आणि कागदावर मखमलीसारखी पसरट, मऊ काळी रेघ उमटते ती हिच्यामुळे. सुई किंचित कलती धरली की कड एका अंगाला दाट उठते. फारच आडवी केली की ती पातळ होऊन लवकर मोडते. खळीच्या जाळीदार कापडाने पत्रा पुसताना हात जड पडला, तर कडेची शाई निघून जाऊन सारी मेहनत वाया जाते. सुईवाचून इतर साधने वर्ज्य आहेत असेही नव्हे. दातेरी चाक, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश यांपैकी प्रत्येकाची खूण निराळी उमटते. तांब्याऐवजी जस्ताचा पत्रा किंवा ॲक्रिलिकचा तुकडाही चालतो.

मुद्राचित्र म्हणजे हव्या तितक्या काढलेल्या नकला, हा आक्षेप तर येथे सर्वस्वी गैरलागू आहे. प्रेसच्या दाबाखाली कड दर खेपेस थोडी चेपते. तांब्यावर चांगले ठसे दहा-वीसच मिळतात, आणि त्यांतही पहिला दुसऱ्याबरहुकूम नसतो. एकोणिसाव्या शतकात ताम्रपटावर लोखंडाचा पातळ मुलामा चढविण्याची युक्ती निघाली, तेव्हा कोठे ही संख्या वाढली.

ओढलेली रेघ कायमची, या समजुतीविरुद्ध रेम्ब्रांटचा दाखला पुरेसा आहे. 1653 सालच्या ‘तीन क्रूस’ या, प्रामुख्याने ड्रायपॉइंटने काढलेल्या चित्राच्या पत्र्यावरची कड छपाईने झिजली, तेव्हा त्याने तो टाकून दिला नाही. बऱ्याच आकृती खरवडून, घोटून काढल्या, उंच टोपीचा घोडेस्वार नव्याने आणला, आणि वरून खाली जाड, कठोर रेघांचे असे लोंढे सोडले की पूर्वी स्पष्ट दिसणारी दोन्ही बाजूंची माणसे अंधारात बुडाली आणि मधल्या क्रूसावर तेवढा उजेड राहिला.